बरणीतलं तळं: पाण्यातले सूक्ष्म जीव पाहायला सुरुवात कशी करावी

माशांच्या टाकीचे जवळपास सगळे नियम इथे उलटे लागू होतात. पंप नको, फिल्टर नको, दर रविवारी पाणी बदलण्याचा खटाटोप नको आणि मासे तर अजिबात नकोत. एक गप्पी सोडला तरी बघण्यासारखं बरंच काही थोड्याच दिवसांत त्याच्या पोटात जातं. काचेच्या बरणीत तळ्याचं पाणी, तळाशी बोटभर गाळ आणि पाणवनस्पतींच्या दोन-चार काड्या एवढ्यावर भागतं. अशी बरणी नीट लागली की कित्येक महिने चालते.

नवखी मंडळी बहुधा सूक्ष्मदर्शकाच्या किमतींपासून सुरुवात करतात. माझं मत विचाराल तर तो खर्च दोन महिने लांबवा. थेंब बरणीतल्या नेमक्या कुठल्या जागेतून उचलायचा हे कळलं की साधं भिंगही भरपूर दाखवतं. ते कळलं नाही, तर भारी यंत्राखालीसुद्धा रिकामं पाणीच दिसतं.

बरणी कशी हवी

दोन ते पाच लिटरची, रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. लोणच्याची जुनी बरणी उत्तम. मिळाली तर चौकोनी घ्या, कारण गोल काचेतून भिंगाने पाहताना सगळं ताणल्यासारखं दिसतं. बरणी साबणाने किंवा भांड्यांच्या लिक्विडने धुवायची नाही; त्याचा अंश राहिला तर नाजूक जीव मरतात. मीठ लावून घासा आणि गरम पाण्याने तीन-चारदा खळखळून घ्या. लोणच्याच्या बरणीला तेलाचा वास राहतो, तो जाईपर्यंत उन्हात उघडी ठेवा.

पाणी कुठून आणि कधी

शेततळं, पाझर तलाव, भातखाचराची कड, पायऱ्यांची जुनी विहीर, देवळाचं कुंड, एखाद्या बागेतला कमळांचा हौद, यातलं काहीही चालेल. ठाण्यासारख्या शहरात तर तलावांची चैनच आहे. फक्त नाला किंवा सांडपाणी मिळतं त्या बाजूने पाणी घेऊ नका. विसर्जनानंतर लगेचचे दिवसही टाळा; प्लास्टर आणि रंग पाण्यात उतरलेले असतात. पवईच्या तलावात मगरी आहेत, तेव्हा तिथे काठावर वाकून बाटली बुडवण्याची हौस नको. अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून काही उचलू नये, हे वेगळं सांगायला नकोच.

जून-जुलैत पाणी गढूळ असतं. पाऊस सरत आला आणि पाणी निवळलं की हंगाम सुरू होतो. ऑगस्टअखेर ते डिसेंबर हे महिने मला सर्वांत चांगले वाटतात.

जाताना तीन बाटल्या न्या, कारण तीन वेगळ्या गोष्टी आणायच्या आहेत. पहिल्या बाटलीत काठालगतचं पाणी. दुसऱ्या बाटलीत वनस्पती: हायड्रिलाचे शेंडे, पाण्यावर तरंगणाऱ्या टिकलीएवढ्या लेम्नाची मूठभर पानं, जलपर्णीच्या मुळांचा झुपका, आणि पाण्यात बुडून काळी पडलेली एखादी काडी किंवा कुजकं पान. ती काडी विसरू नका, नुसत्या पाण्यापेक्षा तिच्यावर कितीतरी जास्त वस्ती असते. तिसऱ्या बाटलीत तळाच्या गाळाचा फक्त वरचा थर, चमच्याने अलगद काढलेला. खालचा काळा, वास मारणारा चिखल नको. बाटल्या काठोकाठ भरू नका, वर हवेला जागा हवी. आणि त्या उन्हात उभ्या गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो होऊ शकतो. हाताला कापलेलं-खरचटलेलं असेल तर रबरी हातमोजे घाला आणि घरी आल्यावर साबणाने हात धुवा. यासाठी वापरलेला चमचा आणि गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. पाण्यावर हिरवा ऑइलपेंट ओतल्यासारखा दाट तवंग दिसला तर ते पाणी तसंच सोडून पुढे जा. तो बहुतेकदा मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित शैवालाचा असतो आणि त्यात विष असू शकतं.

बरणी लावताना

आधी गाळ घाला, साधारण दोन सेंटिमीटर. मग तळ्याचं पाणी बरणीच्या कडेने हळू सोडा आणि पाऊण भरा. रात्रभर निवळू द्या. सकाळी वनस्पती घाला. चतुराच्या अळ्या, पाणकिडे, बेडकाची पिल्लं दिसली तर काढून त्याच तळ्यात परत सोडा, नाहीतर बाकी सगळं फस्त करतात. एखादी छोटी गोगलगाय राहू द्या, काच साफ ठेवते.

आता एक युक्ती, जिच्यासाठी बाकी सगळं वाचलं नाही तरी चालेल. सूक्ष्मदर्शकाच्या दोन-तीन काचपट्ट्या दोऱ्याला बांधून बरणीत उभ्या लोंबकळत ठेवा. आठवड्या-दहा दिवसांत त्यांच्यावर आपोआप वस्ती होते. पट्टी बाहेर काढायची, एक बाजू पुसायची, दुसऱ्या बाजूवर कव्हरस्लिप (झाकायची पातळ इवली काच) ठेवायची आणि थेट पाहायचं. जीव जसे चिकटून राहतात तसेच, न हलवता समोर येतात.

बरणी पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपाशी ठेवा. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात ती माठाशेजारी, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात हलवा.

तोंडावर मलमलीचं किंवा जुन्या पंचाचं दुहेरी फडकं रबरबँडने घट्ट बांधा. यात सूट नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून डास व्हायला जेमतेम सात-दहा दिवस लागतात. तळ्याच्या पाण्याबरोबर अळ्या आल्याच असतील तर त्या वळवळत वर येऊन शेपटीकडून श्वास घेतात, तेव्हा ड्रॉपरने टिपून काढा. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी कुंड्यांच्या बशा तपासत घरोघर येतात. फडकं नसलेली तुमची बरणी त्यांनी ओतून दिली तर तक्रारीला जागा नाही.

पाणी आटेल तसं भर घाला: पावसाचं साठवलेलं, नाहीतर चोवीस तास उघडं ठेवलेलं नळाचं, क्लोरीन उडून गेलेलं. पहिल्या दिवशी बाहेरून चिकटपट्टीने पातळीची खूण करून ठेवा.

पहिल्या आठवड्यात पाणी जरा पांढुरकं होईल, वर पातळ साय धरेल, तळ्यातून आलेलं बरंच काही मरेल. घाबरून बरणी ओतू नका. मेलेल्यांवर जिवाणू वाढतात, जिवाणूंवर पॅरामेशियमसारखे एकपेशीय जीव, त्यांच्यावर त्यांना खाणारे. पंधरवड्यानंतर पाणी पुन्हा निवळतं आणि तुमची खरी बरणी तिथून सुरू होते.

आधी नुसते डोळे, मग भिंग

रात्री खोलीतला दिवा बंद करा, बरणीमागे काळा कागद लावा आणि बाजूने टॉर्च धरा. दिवसा रिकामं वाटणारं पाणी ठिपक्यांनी भरलेलं दिसेल. उड्या मारत वर-खाली होणारे ठिपके म्हणजे डॅफ्निया (पाणपिसू) किंवा तिची लहान बहीण मोइना. झटके देत सरळ रेषेत पळणारा, पांढरट, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा तो सायक्लॉप्स; मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबतात. तळाशी तुरुतुरु फिरणारी, दोन शिंपल्यांत मिटलेली मोहरी म्हणजे ऑस्ट्रॅकॉड.

या सायक्लॉप्सने महाराष्ट्राला पूर्वी फार छळलं आहे. नारूच्या जंताची पिल्लं त्याच्या पोटात वाढायची, आणि पायरीच्या विहिरीचं पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने हातभर लांबीचा नारू तयार व्हायचा. फडक्यातून पाणी गाळणं आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं या साध्या उपायांनी तो हटला. १९९६ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला, २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. तुमच्या बरणीतला सायक्लॉप्स निरुपद्रवी आहे. तरी ते पाणी पिण्यासाठी नाही, हे घरातल्या लहानांना बजावून ठेवा.

काचेला किंवा लेम्नाच्या मुळाला सेंटिमीटरभर लांबीचा, टोकाला सहा-सात तंतू असलेला फिकट धागा लटकलेला दिसला तर तुमचं नशीब जोरावर आहे. तो हायड्रा. बरणीला टिचकी मारली की आखडून गुंजेहून लहान गोळा होतो. डॅफ्निया तंतूला लागली की लुळी पडते आणि मग सावकाश गिळली जाते. १७४० च्या दशकात आब्राहम त्रांब्ले यांनी हॉलंडमध्ये असाच बरणीतला हायड्रा मधोमध कापला आणि दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण हायड्रा झालेले पाहिले. त्यांच्यापाशीही बरणी आणि भिंगं, एवढंच सामान होतं.

भिंग घ्यायचं तर घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं १० पटीचं घ्या. मोबाइलवर चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्सही कामाची आहे. त्यापुढची पायरी म्हणजे फोल्डस्कोप: स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला, घडी घालून तयार होणारा कागदी सूक्ष्मदर्शक. तो सुमारे १४० पट मोठं दाखवतो आणि खिशात मावतो. शाळा-कॉलेजात असतो तसा ४, १० आणि ४० पटीच्या वस्तुभिंगांचा (वस्तूकडच्या भिंगांचा) सूक्ष्मदर्शक मिळाला तर आणखी काही नको. तेल लावून वापरायचं १०० चं भिंग या कामाला लागत नाही, त्यासाठी जादा पैसे मोजू नका. डेल्फ्टचा कापडविक्या आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यातले हे जीव पहिल्यांदा पाहिले, ते स्वतः घासलेल्या एकाच इवल्या भिंगातून.

थेंब कुठून उचलायचा

बरणीच्या मधलं मोकळं पाणी हे सर्वांत गरीब. नवखा माणूस ड्रॉपर नेमका तिथेच बुडवतो.

पृष्ठभागावरच्या सायीचा कडेला लागलेला भाग घ्या. तिथे जिवाणूंची गर्दी, म्हणून पॅरामेशियम आणि त्याचे भाऊबंद. उजेडाकडच्या काचेवर हिरवट-तपकिरी थर जमतो. ड्रॉपरच्या टोकाने खरवडून त्याच जागी ओढून घ्या. तपकिरी रंग बहुतेक डायाटमचा असतो, ज्यांना मराठीत करंडक वनस्पती म्हणतात: काचेसारख्या सिलिकाच्या दोन झाकणांत बसलेली एकेक पेशी, आणि त्यातल्या काही आगबोटीसारख्या सरकत जातात. वनस्पतीची फांदी बशीत घेऊन दोन बोटांत पिळा, निथळलेला थेंब पाहा. रोटिफर, म्हणजे डोक्यावर हलत्या केसांची चाकं असलेले इवले प्राणी, सर्वांत जास्त मला इथेच मिळतात. गाळ आणि पाणी यांच्या सीमेवर, जिथे मऊ भुरा थर असतो, तिथे अमिबा आणि स्पायरोस्टोमम. हा दुसरा इतका लांब असतो की नुसत्या डोळ्यांनाही पांढऱ्या धाग्याचा तुकडा दिसतो आणि धक्का लागला की आखडून पाव लांबीचा होतो.

ड्रॉपरची रबरी गोळी पाण्याबाहेरच दाबा, दाबलेलीच ठेवून टोक हव्या त्या जागी न्या, आणि तिथे गेल्यावर सोडा. पाण्यात गेल्यावर दाबली तर बुडबुडे सुटून सगळा थर उधळतो.

काचपट्टीवर

पट्टीच्या मध्यावर एकच थेंब. त्यात कापसाचे चार-पाच तंतू विसकटून टाका, म्हणजे सुसाट पळणारे जीव तंतूंच्या जाळीत अडकून फिरत राहतात. कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांना मोहरीएवढं व्हॅसलीन लावा आणि ती एका कडेने टेकवत तिरपी सोडा. व्हॅसलीनमुळे खाली थोडी जागा राहते आणि रोटिफर चिरडत नाही. पाणी सुकू लागलं की कडेला थेंबभर पाणी लावा, आपोआप आत ओढलं जातं.

नेहमी ४ च्या भिंगाने सुरुवात. जीव मध्यभागी आला की १०, मग ४०. उजेड कमी करा: खालची झडप अर्धी मिटली की पारदर्शक पेशींच्या कडा उठून दिसतात. लख्ख उजेडात पॅरामेशियम जवळजवळ नाहीसा होतो, आणि पुष्कळ जण स्लाइडवर काही नाही म्हणून ती धुऊन टाकतात.

मापाचा अंदाज असा घ्यायचा. आयपीस (डोळ्याकडचं भिंग) १० पटीची आणि तिच्यावर १८ आकडा लिहिलेला असेल तर ४ च्या भिंगाखाली दिसणारं वर्तुळ साडेचार मिलिमीटरचं, १० खाली १.८ मिलिमीटरचं आणि ४० खाली ०.४५ मिलिमीटरचं. पॅरामेशियम १० च्या भिंगाखाली वर्तुळाच्या साधारण सातव्या-आठव्या भागाएवढा दिसला, म्हणजे तो पाव मिलिमीटरच्या आसपास.

आता एकेकाकडे थांबून पाहा. पॅरामेशियम स्वतःभोवती फिरत पुढे जातो, आडवा तंतू आला की मागे सरकतो, थोडा वळतो आणि पुन्हा पुढे. तो कापसात अडकला की दोन्ही टोकांना एकेक गोल पोकळी फुगताना आणि मिटताना दिसते: आत शिरणारं जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या या संकोचशील रिक्तिका. त्या किती सेकंदांनी मिटतात ते मोजा. मग कव्हरस्लिपच्या कडेला अगदी किंचित मिठाचं पाणी सोडून पुन्हा मोजा. वेग मंदावतो, कारण आत शिरणारं पाणीच कमी होतं.

लटकवलेल्या पट्टीवर व्हॉर्टिसेला हमखास मिळतो. देठावर उलटी घंटा, घंटेच्या काठावर हलणाऱ्या केसांची रांग. टेबलाला धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो, इतका झटकन की गुंडाळताना दिसतच नाही. मग सावकाश उलगडतो. मोबाइल आयपीसला टेकवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा. स्टेंटर मोठा, कर्ण्याच्या आकाराचा, कधी निळसर, आणि साध्या भिंगालाही दिसणारा.

रोटिफर पाहून नवखे हमखास फसतात. डोक्यावर दोन चाकं गरगर फिरतायत असं वाटतं, पण फिरत काहीच नाही. केसांची रांग लाटेसारखी क्रमाने हलते. त्याच्या छातीत जबड्यांची जोडी सतत चालू असते, ती ४० च्या भिंगाखाली स्पष्ट दिसते. आकाराने पॅरामेशियमएवढा असला तरी हा एकपेशीय नाही, त्याला पोट आहे, मेंदू आहे, पायाला चिकटणारी बोटं आहेत. यातल्या डेलॉइड गटात नर कधी सापडलेलेच नाहीत. २०२१ मध्ये सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून काढलेले सुमारे २४,००० वर्षांपूर्वीचे असे रोटिफर प्रयोगशाळेत पुन्हा हिंडू लागले.

अमिबा मिळायला चिकाटी लागते. गाळाचा थेंब पट्टीवर टाकून दहा मिनिटं न हलवता ठेवा, मग शोधा. बुळबुळीत हिरवे धागे दिसले तर तो स्पायरोगायरा; आतली फिरकीदार हिरवी पट्टी ओळखायला कुणाची मदत लागत नाही.

डॅफ्नियाला कव्हरस्लिप नकोच. थेंबात कापूस घालून ४ च्या भिंगाखाली पाहा. पाठीकडे धडधडणारं हृदय, हिरवट आतडं, आणि बऱ्याचदा पाठीच्या पिशवीत डोळे तयार झालेली पिल्लंसुद्धा. हृदयाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या वर पडतात. मोजायचं तर चित्रण करून सावकाश चालवा.

पॅरामेशियमची हमखास शेती

मूठभर वाळलेलं गवत किंवा भाताचा पेंढा (फवारणी न झालेला) लिटरभर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गार करून फडक्याने झाकून दोन दिवस ठेवा. पाणी गढुळलं की त्यात बरणीतलं कपभर पाणी घाला. आठवडाभरात वरच्या कडेला पॅरामेशियमची दाटी होते. पुढे दर पंधरवड्याला उकडलेला गव्हाचा एक दाणा टाकला तरी पुरे. वास येतो, बाल्कनीत ठेवा.

बिघडलं तर

सडक्या अंड्याचा वास म्हणजे कुजणारं जास्त झालं. मेलेली पानं काढा, अर्धं पाणी बदला, फडकं बारीक विणीचं असेल तर जरा विरळ, पण डास शिरणार नाही असं घ्या. पाणी हिरवंगार झालं तर उजेड जास्त होतोय. ते वाईट नाही, डॅफ्नियाचं तेच खाणं. नको असलेली बरणी मूळ तळ्यातच रिकामी करा, किंवा सरळ मातीत ओता. दुसऱ्या तळ्यात, ओढ्यात नाही. दुकानातून आणलेल्या पाणवनस्पती तर कुठल्याच जलाशयात टाकू नका; जलपर्णीही कधीकाळी बाहेरूनच आली.

एप्रिल-मेमध्ये घरात पाणी चाळीस अंशांच्या हवेत टिकवणं अवघड झालं तर झगडू नका. बरणी सावलीत आटू द्या. राहिलेला गाळ कागदावर पसरून सुकवा आणि कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी धरते. पाकिटावर तळ्याचं नाव आणि तारीख लिहा. त्या मातीत एकपेशीयांच्या पुटी (कवचात मिटून निजलेले एकपेशीय), आखडून बसलेले रोटिफर आणि डॅफ्नियाच्या अंड्यांची काळसर, खोगिराच्या आकाराची कवचं असतात. जूनमध्ये स्वच्छ बरणीत चमचाभर माती आणि पावसाचं पाणी घाला. पहिल्या दोन-तीन दिवसांत एकपेशीय हलू लागतात, मागोमाग रोटिफर, आणि आठवडा उलटल्यावर टॉर्चच्या उजेडात पहिली डॅफ्निया शोधायला हरकत नाही. फडकं मात्र पाणी घातल्या दिवसापासून बांधा.